आत्याची टॉवरफेरी

५ मार्च

फीत आपोआप तुटली!

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच पटायचं नाही. आज टॉवरच्या माथ्यावरच्या आमच्या हॉटेलचं उद्घाटन होतं. टॉवर बांधलाय टीव्हीसाठी, म्हणजे खरे मालक खालच्या मजल्यावरचे प्रक्षेपणवाले. आम्ही त्यांच्या डोक्यावर बसलेले भाडेकरू. आमचा मजला गोल फिरतो. बसल्या जागी तासाभरात अख्खं शहर दाखवतो. पण फिरतो म्हणजे फक्त टेबलांचा पट्टा फिरतो. मधलं स्वयंपाकघर जागेवर, आणि बाहेरची काच आणि काचेखालचा कट्टा हेही जागेवर. आम्हा वाढणाऱ्या मुलींना हे घोटून घोटून शिकवलंय. फीत बांधणाऱ्याला मात्र कुणी शिकवलं नव्हतं. त्याने एक टोक स्वयंपाकघराच्या दाराला बांधलं आणि दुसरं टेबलाच्या पायाला.

महापौर बोलायला उभे राहिले, मजला सुरू झाला. "हा टॉवर म्हणजे आपल्या शहराची ताठ मान—" फीत ताणत चालली. मॅनेजरसाहेब कोपऱ्यातून हातवारे करत होते, महापौरांना वाटलं साहेब टाळ्यांची खूण करतायत, म्हणून त्यांनी आवाज आणखी चढवला. आणि फट्‌कन टोक थेट त्यांच्या मिशीवर! हातातली कात्री तशीच. सगळे हसले, पण साहेबांनी डोळे वटारले ते माझ्याकडेच.

घरी येऊन आत्याला सांगितलं. आत्या शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "काडीवर घर बांधलं की असंच होणार." टॉवरला ती काडी म्हणते. खिडकीतून समोर दिसतो तो, म्हणून तिने यंत्र फिरवून त्याच्याकडे पाठ करून मांडलंय.

१० मार्च

आज आम्ही तिघींनी एकच चूक केली. टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा सोडून खिडकीत काय दिसतं ते लक्षात ठेवलं. "स्टेशनवाल्या टेबलाला दोन कॉफी!" कॉफी घेऊन बाहेर येईपर्यंत स्टेशनसमोर भलतंच जोडपं, आणि त्यांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. मी कप ठेवले. त्यांनी भांडता भांडता ते पिऊन टाकले आणि भांडण मिटलं! खरे कॉफीवाले तोवर नदीवर पोचले होते आणि तापले होते.

मुख्य स्वयंपाकी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "अगं बायांनो, शहर कुठे जात नाही, तुम्ही जाताय."

१२ मार्च

कट्टा हा आमच्या हॉटेलातला सगळ्यात मोठा विनोद आहे. आलेली प्रत्येक बाई पर्स कट्ट्यावर ठेवते. कट्टा जागेवर, टेबल पुढे. थोड्या वेळाने बघते तो पर्स नाही. मग 'चोर, चोर'. पर्स बिचारी होती तिथेच असते, फक्त मागच्या टेबलावरचे लोक तिच्यापुढे येऊन पोचलेले असतात. काखेत कळसा म्हणतात, इथे कळसा शेजाऱ्याच्या पुढ्यात!

आज एका आजोबांनी कवळी रुमालात गुंडाळून ठेवली होती. मागच्या टेबलावर वाढदिवस चालला होता. त्या बाईंनी हॉटेलकडून भेट आली असं समजून रुमाल उघडला. मी सॉरी म्हणत कवळी परत आणली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले.

हे सगळं रोज आत्याला जेवताना साग्रसंगीत सांगते. ती 'हं' म्हणते आणि डाळ वाढते.

१९ मार्च

दर गुरुवारी एक गृहस्थ येतात. उंच, टोपीवाले, एकटे. एक सूप, एक फेरी, की निघाले. आम्ही त्यांना सूपवाले म्हणतो.

वर आलेला माणूस आधी काय शोधतो? स्वतःचं घर. "ते बघ, आपली गच्ची! ते बघ, वाळत घातलेले कपडे!" रोज खालून दिसणाऱ्या घरासाठी लोक इतक्या उंच येतात. सूपवाले मात्र घर शोधत नाहीत. आज विचारलंच. म्हणाले, "घरात बघण्यासारखं कुणी उरलं नाही. मी गल्ल्या बघतो. माझ्या आहेत त्या."

निघाले मोजणी खात्यातले! निवृत्त. बायको जाऊन काही वर्षं झालीत. अर्ध्या शहराच्या गल्ल्या त्यांनी साखळी धरून मोजल्यात. मग बोटाने दाखवत म्हणाले, "ती एक मध्येच वाकलेली दिसते का? ती माझी चूक. नोकरी नवी होती. साखळी एका कुंपणाला अडकली, मला कळलं नाही. नकाशात बाक आला, आणि लोकांनी नकाशाप्रमाणे घरं बांधली."

मी ट्रे घट्ट धरला. ती आमची गल्ली! ज्या बाकात आत्याचं शिवणाचं मोठं टेबल अडकलं होतं आणि शेवटी पाय कापून आत आणावं लागलं होतं, तोच बाक. 'ज्याने ही गल्ली आखली त्याचे हात एकदा बघायचेत मला,' असं आत्या माझ्या लहानपणापासून म्हणतेय.

 असा हुकमाचा एक्का लगेच टाकतात होय?

२४ मार्च

गंमत म्हणजे गावाचा सूर बदलला. बांधकाम चालू होतं तेव्हा लोक टॉवरला लाटणं म्हणायचे, बुजगावणं म्हणायचे. आता 'आपला टॉवर'. न्हाव्याने दुकानाच्या पाटीवर काढलाय. बेकरीवाला उभा केक करतो, तो घरी नेईपर्यंत आडवा होतो, तरी खपतो. रस्ता विचारला की कुणी डावं-उजवं सांगत नाही. 'टॉवर पाठीशी ठेवा आणि चालत सुटा.' ज्यांनी टॉवर नको म्हणून सह्या गोळा केल्या तेच आता पाहुण्यांना घेऊन येतात, आणि थाट असा की विटा यांनीच वाहिल्या.

नाक मुरडणारी एकटी आत्या उरलीय.

२७ मार्च

मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. वाटलं, मिशीचं प्रकरण पुन्हा निघणार. पण म्हणाले, "बसा." मला कुणी बसा म्हटलं की मी आधी दार कुठे आहे ते बघते.

दूरच्या शहरात असाच टॉवर उभा राहतोय, याहून उंच. वर असाच फिरता मजला. तिथल्या सगळ्या वाढणाऱ्यांवर प्रमुख म्हणून मी जावं असं त्यांना वाटतं. "तुम्ही हसता फार," म्हणाले, "पण तुमच्या टेबलावरून चिडून कुणी जात नाही." मेअखेर उत्तर द्यायचं.

जिन्यात जाऊन एकटीच नाचले. तेवढ्यात प्रक्षेपणवाले दोघं वर आले, मग बूट झटकल्याचं सोंग केलं.

३१ मार्च

आत्याला सांगितलेलं नाही.

सांगितलं तर 'जा' म्हणेल, लगेच म्हणेल. तेच तर नको आहे. ती 'जा' म्हणेल, पेटी भरून देईल, आणि मी गेल्यावर संध्याकाळी चुकून दोन ताटं घेईल. आई-बाबा गेले तेव्हा मी इतकी लहान होते की मला बूट बांधता येत नव्हते. आत्याने लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत आहे. आणि आता मी तिला टाकून उंच टॉवरवर मिरवायला जाऊ? नाही जमायचं मला. पण जायचं तर आहे! खूप आहे. इथे खोटं लिहून काय उपयोग.

आत्याला कुणीतरी सोबत हवी. सोबत झाली तर मी मोकळी.

सोबत.

सूप पिणारी चालेल का?

२ एप्रिल

बेत ठरला. अडचण एकच, आत्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. टॉवर बघ म्हटलं तर म्हणते, "इथून दिसतो तेवढा पुरे." म्हणून जेवताना सहज पुडी सोडली. वरच्या पडद्यांची शिवण उलट्या बाजूने घातलीय, दुमडही सारखी नाही, आणि शहरातले बडे लोक तेच बघत बसतात.

आत्याचा घास हातात राहिला. "उलटी? कुणी शिवले?"

"काय माहीत. कुणी मोठं दुकान आहे म्हणे."

तीन दिवसांत ती तयार होणार. लिहून ठेवते.

९ एप्रिल

लागली तिला एक आठवडा. पण आली!

लिफ्टमध्ये डोळे गच्च मिटून तिने लिफ्टवाल्याची बाही धरली. वर पोचलो तेव्हा बाहीचं बटण तिच्या मुठीत होतं. तिथून सरळ पडद्यांकडे. दुमड उलटून बघितली, चष्मा लावून पुन्हा बघितली. "शिवण चांगली आहे," म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी ट्रे पुसायला घेतला.

बसवलं तिला खिडकीशी. सूपवाल्यांना मुद्दाम तिच्या मागच्याच टेबलावर बसवलं होतं. मग मी अगदी साळसूदपणे म्हणाले, "आत्या, पिशवी मांडीवर कशाला? कट्ट्यावर ठेव की." एवढे सगळे किस्से ऐकूनही तिने मुकाट्याने ठेवली! मला तर हसू दाबता येईना.

टेबल सरकलं. पिशवी मागे राहिली. सूपवाले पिशवीपाशी पोचले. मी खांबाआड उभी. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पिशवी उचलली आणि चालत पुढच्या टेबलाशी गेले. टोपी काढली.

"आपली का ही? फार जड आहे."

"कात्र्या आहेत. बसा, उभं राहून चक्कर येते म्हणतात इथे."

बसले! मी सूप तिथेच नेऊन दिलं. थोडा वेळ हवापाण्याचं चाललं. मग खाली आमची गल्ली आली. आत्याने काचेला बोट लावलं. "ते माझं घर. आणि तो बघा बाक. कुणा आंधळ्याने आखलाय देव जाणे."

सूपवाल्यांनी चमचा खाली ठेवला. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हे म्हणाले, "मीच तो."

आत्याने त्यांना जे झाडलं! कापलेल्या पायांचं टेबल, बाकात अडकलेल्या वराती, वळता न येणारा बंब, सगळं काढलं. पलीकडच्या टेबलांवरचे लोक शहर बघायचे सोडून हिला बघत होते. सूपवाले सगळं ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "टेबलाचे पाय मी जोडून देऊ का?"

ती म्हणाली, "आता? आता त्याची सवय झालीय मला."

फेरी संपली तरी दोघं उठले नाहीत. दुसरी फेरी!

१० एप्रिल

सकाळभर आत्या यंत्र चालवत होती. मी टाचण्या वेचतेय असं दाखवत शेजारी घुटमळले. शेवटी यंत्र थांबवून म्हणाली, "तो माणूस दर गुरुवारी येतो?"

"कोण माणूस?" मी म्हटलं. माझ्या भोळेपणाला बक्षीस द्यायला हवं.

१६ एप्रिल

पुन्हा आली. निमित्त काय, तर लिफ्टवाल्याचं बटण लावून द्यायचंय. चालू लिफ्टमध्ये उभ्याने लावलं, डोळे उघडे ठेवून. मग म्हणाली, "आता आलेच आहे तर बसते थोडी."

गुरुवार आहे हे तिच्या लक्षातच नव्हतं म्हणे. आणि केस मात्र धुतलेले.

३० एप्रिल

सूपवाले फीत घेऊन आमच्या गल्लीत आले, बाक मोजायला. सगळी गल्ली दारात. आत्याने एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. "धरलंय नीट?" "मी धरलंय. तुम्ही कुंपणाला अडकवू नका म्हणजे झालं." शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "कोण गं हे?" मी म्हटलं, "महापालिकेचं काम आहे." तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. गल्लीत काही लपत नाही.

मोजून झाल्यावर चहा झाला. सूपवाले चहाही पितात, हे नवीनच कळलं.

८ मे

झालं!

आत्याने आज काजं करता करता सांगितलं. "आम्ही लग्न करायचं म्हणतोय. साधंच, सह्या करून. जूनच्या शेवटी. तुला चालेल ना?"

मला चालेल ना! मी उडी मारून तिच्या गळ्यात पडले, काजं उसवली. "हळू, भिंगरी, सुई आहे," म्हणाली. लहानपणापासून भिंगरीच म्हणते मला. मग मी एका दमात बदलीचं सगळं सांगून टाकलं. तिला इतकं आश्चर्य वाटलं की सुई बोटात टोचली. "अगं बाई! प्रमुख? तू? आणि मला आज सांगतेस?" मग बराच वेळ बोट तोंडात धरून बसली होती.

कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. हा सगळा डाव माझा! एक पिशवी, एक सूप आणि थोडं डोकं. अशी जोडी जमवायला लोक वर्षानुवर्षं जोडे झिजवतात.

११ मे

साहेबांना हो म्हटलं. ते म्हणाले, "मला वाटलं नव्हतं तुम्ही जाल." मलाही वाटलं नव्हतं.

२३ मे

सूपवाल्यांचं कपाट आलं. लग्नाआधी सामान लावून टाकू म्हणजे तुला बघायला मिळेल, असं आत्याच म्हणाली.

कपाट बाकात अडकलं!

ना पुढे ना मागे. सायकलवाले खोळंबले, दूधवाला खोळंबला. सूपवाले घाम पुसत म्हणाले, "नियती म्हणतात ती हीच." आत्या दारातून म्हणाली, "नियती कसली, तुमची साखळी." शेवटी दारं काढली, कप्पे काढले, सगळी गल्ली एकेक फळी घेऊन आमच्या घरात. रात्रीच्या जेवणाला तीन ताटं होती. माझ्या पोटातला मार्चपासूनचा दगड आज खाली पडला, हे अगदी खरं लिहितेय.

२८ मे

वरती माझा शेवटचा दिवस. मुख्य स्वयंपाक्याने उभा केक केला आणि तो आडवा व्हायच्या आत कापायला लावला. काटकुळीने, माझ्या जोडीच्या मुलीने, मला खिडकीशी पाहुण्यासारखं बसवलं आणि वाढलं. इतके दिवस त्या मजल्यावर चालतेय, बसले आजच.

काय केलं बसल्या बसल्या? आमचं घर शोधलं. मीही त्यातलीच!

३१ मे

गाडी सुटली तेव्हा दोघं फलाटावर शेजारी शेजारी उभे. आत्या रडली नाही, म्हणून मीही नाही. तिने फक्त सांगितलं, "तिथे जिन्यात नाचू नकोस, पाय मुरगळेल." हे तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. प्रक्षेपणवाले दिसतात तेवढे गरीब नाहीत.

गाव मागे पडलं तरी टॉवर बराच वेळ दिसत होता. घरं गेली, नदी गेली, तो आहेच. त्याच्या पायाशी डावीकडे वाकडी गल्ली, गल्लीत दोघं. हे माहीत होतं म्हणून नीट झोप लागली.

९ जून

नवा टॉवर. नव्या मुली. पहिल्याच दिवशी एकीने 'पुलावरच्या टेबलाला एक सूप' नेलं आणि हरवली. मी प्रमुख आहे म्हणून हसले नाही. स्वयंपाकघरात जाऊन हसले.

इथल्या लोकांनी टॉवरला आत्ताच नाव ठेवलंय, टाचणी. आत्याला आवडेल.

२१ जून

लग्नासाठी रजा टाकायची म्हणून आत्याला फोन केला. तारीख विचारली.

"कसलं लग्न?" ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. माझ्या बदलीचं तिला मार्चमध्येच कळलं होतं. साहेबांची बायको कपडे शिवायला टाकून गेली, तेव्हा बोलून गेली. तिने वाट बघितली, पण मी काही सांगेना. मग वर आल्यावर, भेटीच्या दुसऱ्याच गुरुवारी तिने सूपवाल्यांना म्हटलं, माझी पोर अडकलीय, महिनाभर नवरदेव व्हाल का? ते हो म्हणाले. मी गेल्यावर कपाट पुन्हा फळी फळी करून परत गेलं. गुरुवारी सूप प्यायला भेटतात, तेवढंच.

मी विचारलं, मग तू घरात एकटीच आहेस?

"एकटं राहायला मला येतं, भिंगरी," ती म्हणाली. "जायला तुला येत नव्हतं."